सीडीतला म्हातारा

कापसाच्या जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या सुमाराला आटपायचा. तेवढे महिने आमच्याकडे दोन्ही वेळा चूल पेटायची. बाकीच्या महिन्यांत सकाळी पेटली की आई संध्याकाळचं नाव काढायची नाही. वडील जिनमध्ये हमाल होते, रुईच्या गाठी उचलायचे. आई तिथंच कापसातला पालापाचोळा वेचायला बसायची. दोघं घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. लहानपणी मला वाटायचं की आपले आईवडील रोज म्हातारे होतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतात. अंगावरची धूळ निघायची. छातीत गेलेली कुठून निघणार?

नाल्यापलीकडे पत्र्याची एक खोली. त्या खोलीत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक पेटी होती, म्हणजे हार्मोनियम. पाऊस गळायला लागला की आई आधी पेटी हलवायची, मग आम्हाला.

वडिलांची गायन पार्टी होती. एप्रिलातला जयंतीचा महिना, लग्नं, कुणाच्या घराची वास्तू, कुणाच्या मयतीनंतरचं दिवसाचं जेवण, अशा कार्यक्रमांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. पेटीवर वडील, गाणारेही तेच, एक ढोलकीवाला आणि कोरसाला तिघं: वडिलांचे दोन चुलतभाऊ आणि मी. मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून कोरसात बसले. बारीक आवाज लागतो म्हणून.

कोरस म्हणजे काय हे ज्यांनी पार्टी पाहिली नाही त्यांना सांगावं लागेल. गायकाचं तोंड लोकांकडे असतं आणि कोरसाचं तोंड गायकाच्या पाठीकडे. गायकानं ओळ टाकली की कोरसानं ती उचलायची. आपण होऊन कधी सुरुवात करायची नाही, तो गायकाचा अपमान. आणि एक काम लोकांना दिसत नाही ते असं, की गायकाचा दम जिथं संपतो तिथं कोरसानं त्याच्या तोंडातून ओळ काढून घ्यायची, कुणाला कळू न देता. मी वडिलांच्या पाठीकडे बघून सांगू शकायचे, आता दम संपणार. त्यांचा डावा खांदा किंचित वर यायचा.

गाणी वडिलांची स्वतःची. गाठी उचलता उचलता ते जुळवायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येत होतं, पण एकदा मी वही काढली तर म्हणाले, "ठिव ते. कागदावर ठिवलं की तू डोक्यातून काढून टाकशील." तेव्हा त्यांची गाणी होती ती फक्त त्यांच्या आणि आम्हा कोरसातल्या तिघांच्या डोक्यात.

दहावीला मी शाळेत पहिली आले. त्या उन्हाळ्यात वडिलांनी जिनच्या मालकाकडून बारमाही रात्रपाळीची राखण मागून घेतली. कार्यक्रम रात्रीचे आणि राखणही रात्रीची. पार्टी बंद पडली. मी जिल्ह्याच्या गावी शिकायला गेले, पुढे सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नाही, आणि ही गोष्ट मी कुणालाही, न विचारता, सांगते. चुलत्यांतले एक वारले, दुसरे सुरतेला गेले ते तिकडचेच झाले, पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. पेटी वडिलांनी वस्तीतल्या बुद्धविहारात नेऊन ठेवली. तिचा भाता उंदरांनी खाल्ला.

वस्तीत सगळे म्हणायचे, पोरीपायी पेटी ठेवली यानं. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी टोमणा म्हणून. मी दोन्ही कौतुकच धरून चालले.

*

लग्नानंतर आम्ही मस्कतला आलो. आधी दार्सैतमध्ये एका खोलीत, मग मुलगी झाली, पगार वाढले, तसे अल अमेरातला जरा मोठ्या घरात. माझं ऑफिस रुवीत. इमारतींच्या नकाशांवरून किती सिमेंट, किती सळई लागेल ते काढायचं, हे माझं काम. कामात मी चोख आहे. संगीतातलं मला काही कळत नाही, हेही आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट एका गाण्यांच्या सीडीची आहे.

आमच्या ऑफिसातला एक वयस्कर इंग्रज मॅनेजर नोकरी आटोपून आपल्या देशी निघाला. जाताना त्यानं टेबलावर एक खोकं ठेवलं आणि ज्याला जे हवं ते घ्या म्हणाला. लोकांनी कॅलक्युलेटर, टेबललॅम्प, चहाचे मग उचलले. मी उशिरा पोचले, तेव्हा खोक्यात एक छत्री आणि एक सीडी उरली होती. मस्कतमध्ये छत्री काय करायची? मी सीडी घेतली. वरच्या चित्रात पांढऱ्या केसांचा एक माणूस उघड्या माळावर पियानो ठेवून वाजवत बसला होता. मुलगी तेव्हा कीबोर्ड शिकायला लागली होती, तिला दाखवू म्हटलं.

"चांगली निवडलीस," मॅनेजर म्हणाला. "जन्मभर पियानो वाजवून गात आलाय हा. आता या वयात कंट्री रॉक केलंय. लोक म्हणाले, म्हातारपणी हे काय काढलंस. पण बघ ऐकून."

अमेरातहून रुवीकडे जाताना गाडी डोंगरातून उतरते. दोन्ही बाजूंना करपलेल्या भाकरीसारखे डोंगर, झाडाचं नाव नाही. त्या उतारावर मी सीडी लावली. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. एक गिटार तार ओढून धरल्यासारखी लांबच्या लांब रडत होती. ढोल वाजत होते. पियानो मात्र सगळ्यांच्या पुढे, जसा गावातला शहाणा माणूस लग्नात पुढे असतो तसा. म्हाताऱ्याचा आवाज खरबरीत, ओळीच्या शेवटी बसणारा.

सीडीबरोबरच्या पातळ पुस्तिकेत गाण्यांचे शब्द होते. सिग्नलला थांबल्यावर मी ते वाचायचे. एका गाण्यात लाकूड कापायच्या गिरणीचं गाव होतं. गिरणी बंद पडलेली, आणि हा आपला तिथं परत जाऊन एकेका घराला विचारतोय की आत कोण राहिलंय. त्या गाण्यात एका ठिकाणी म्हाताऱ्याचा दम संपतो. स्पष्ट ऐकू येतं. आणि त्याच क्षणी मागून तीन-चार बायका ती ओळ उचलतात.

मी गाडी बाजूला घेतली. माझ्या तोंडात ती ओळ आली होती, इंग्रजी, कधी न गायलेली. माझा जबडा आपोआप हलला होता.

तेव्हापासून मला ते गाणं सरळ ऐकता येईना आणि बंदही करता येईना. हिशेब साधा होता. हा म्हातारा माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याची नवी गाणी निघतात आणि मी एसी लावून ती ऐकते. माझ्या वडिलांची एक ओळ कुठं ऐकायला मिळणार नाही. का, तर मी इथं एसीत बसावं म्हणून. यात माझी काही चूक नाही असं नवरा म्हणायचा. चूक नाहीच. पण चूक नसली म्हणजे टोचत नाही असं थोडंच असतं?

*

आई गेल्यावर वडील एकटे पडले. दुसऱ्या वर्षी हिवाळा संपता संपता मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. विमानतळावर पाहिलं तर निम्मे झाले होते. चार पावलं चालले की थांबायचे आणि थांबल्याचं लपवण्यासाठी काहीतरी विचारायचे. "हा डोंगर कुणाचा?" "ही गाडी केवढ्याची?" इथल्या डॉक्टरनं सांगितलं, छाती कापसाची आहे, औषधानं बरं वाटेल, पण दम दरवर्षी कमीच होत जाणार.

डॉक्टरकडून परत येताना एकच विचार डोक्यात होता. यांची गाणी यांच्याशिवाय आता कुणाला येत नाहीत. मलाही नाहीत, मुखडे तेवढे येतात. दम आहे तोवर ती कुठंतरी उतरून घ्यायला हवीत. व्हिसा संपायच्या आत.

"बाबा, एक गाणं म्हणा की. फोनवर घेते," मी म्हटलं.

"आवाज खलास," वडील म्हणाले. हा आपला शब्द इथं अरबीतही चालतो हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळलं होतं आणि ते तो सगळीकडे वापरायचे. दूध खलास, गोळ्या खलास, आवाज खलास.

"हळू म्हणा. जोरात नको."

"हळू म्हणायला ती अंगाई हाय का?"

मी अधूनमधून विचारत राहिले. ते दर वेळी नवीन कारण द्यायचे. पेटी नाही. जेवण झालंय. जेवण व्हायचंय. मुलगी एकदा म्हणाली, "मम्मा, आजोबांना नको आहे तर व्हाय आर यू फोर्सिंग?" तिला मी गप्प बसवलं. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच.

सीडी गाडीत होतीच. एका शुक्रवारी आम्ही सगळे रुवीला भाजी आणायला निघालो, गाडी सुरू केली आणि म्हातारा गायला लागला. मी बंद करायला हात नेला.

"राहू दे," मागून वडील म्हणाले. थोडा वेळ ऐकलं. "कोण हाय हा?"

"इंग्रजी गायक आहे बाबा. तुमच्याच वयाचा."

"आजोबा, हे कंट्री रॉक आहे," मुलगी म्हणाली.

"म्हंजी काय?"

ती अडली. तिचं मराठी असं मध्येच थांबतं. "म्हणजे... गावचं म्युझिक असतं ना, ते. आणि प्लस धिंगाणा."

"मंग आमचं बी तेच हुतं की," वडील म्हणाले.

गिरणीचं गाणं आलं. म्हाताऱ्याचा दम संपला, बायकांनी ओळ उचलली. आरशात मला वडिलांचा डावा खांदा वर गेलेला दिसला. गाणं संपलं.

"मागं माणसं हायेत त्याच्या," एवढंच म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्यानंतर गाडीत बसलं की, "लाव तुझ्या म्हाताऱ्याला." म्हाताऱ्याशी त्यांचं जमलं होतं. कधी त्याला नावं ठेवायचे, "आज लई घाईत हाय." रोजची तीच सीडी, आज घाईत कशी असेल? पण मी वाद घातला नाही. मला वाटलं, आज ना उद्या हे स्वतःच गातील.

*

एप्रिल आला. इथं आमची जयंती जवळच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी होते, एखादा हॉल घेऊन. सगळे आपलेच लोक, कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, कुणी अकाउंट्समध्ये. मुलांचे नाच, भाषणं, मग जेवण. जयंती भरवणाऱ्या मंडळातल्या एका दादांना कळलं की माझ्या वडिलांची पार्टी होती. त्यांचा फोन आला.

"ताई, बाबांचं एक गाणं ठेवू या का? ट्रॅक लावू मागे, कराओके. त्यांनी नुसतं माइकवर म्हणायचं."

मी एक क्षणही विचार केला नाही. "नको दादा, त्यांना दम लागतो. स्टेजवर मध्येच अडकले तर सगळ्यांसमोर वाईट वाटेल त्यांना. त्यापेक्षा सत्कार करू या."

वडिलांना मी विचारलं नाही. सत्कार म्हणजे त्यांना आनंदच होणार, असं धरून चालले. आम्ही शिकलेली माणसं म्हाताऱ्यांसाठी हेच करतो. शाल आणायची, पुस्तक द्यायचं, पुढच्या रांगेत खुर्ची टाकायची आणि त्यांनी आपल्यासाठी काय काय केलं ते त्यांनाच ऐकवायचं.

सत्कार झाला. शाल घालताना वडील जरा वाकले. मग मी माइक घेतला. मला बोलता येतं, शाळेपासून येतं. जिनबद्दल बोलले, पांढऱ्या भुवयांबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले, "माझ्या वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी आपलं गाणं सोडलं. ही पदवी माझी नाही, त्यांच्या गाण्याची आहे." हॉल उभा राहिला. बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आज फिटलं थोडं. वडील शाल सांभाळत खुर्चीत बसून होते, समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत.

त्यानंतर मुलांनी ट्रॅकवर जयंतीची गाणी म्हटली. पुढच्या रांगेत फक्त माझे वडील टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा डावा हात मांडीवर वर-खाली होत होता, भाता मारल्यासारखा.

दुपारी घरी निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे वडील आणि झोपलेली मुलगी. गाडी सुरू होताच म्हातारा गायला लागला.

"बंद कर त्याला," वडील म्हणाले.

मी बंद केलं.

गाडी चढाला लागली. मग ते म्हणाले, "तुझ्या म्हाताऱ्याला कुणी शाल दिली आसंल का गं?"

"दिली असेल. मोठा गायक आहे."

"देऊ नका म्हणावं. एकदा शाल दिली की खलास. मंग लोक त्याला खुर्चीतच बसवत्यात."

नवरा हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"बाबा, तुम्हाला दम लागतो. मला वाटलं—"

"दम काय आज लागतोय? मला जिनमध्ये बी लागायचा. तू मागं बसायचीस तव्हा काय लागत नव्हता? तुला माहीत न्हाई का?" ते थांबले. श्वास घेतला. "अन् ते काय बोलत हुतीस माइकवर. म्या गाणं सोडलं म्हणून. कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात."

"म्या कार्यक्रम सोडले. गाणं कामून सोडीन? राखणीला बसून जुळवीतच हुतो. घरी आलो की उचलायला कुणी नसायचं. तू सुट्टीत यायचीस अन् पुस्तक घिऊन बसायचीस. चांगलंच हुतं ते. पर म्या टाकलेली वळ तशीच पडून राहायची." त्यांनी शालीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "एकट्यानं म्हणायला न्हाई येत मला. तू आपली फोन समोर धरून बसतीस. समोर बसून का कुठं गाणं हुतंय?"

इतके आठवडे मी त्यांच्यासमोर फोन धरून बसले होते. त्यांच्या तोंडाकडे बघत. अख्ख्या मस्कतमध्ये, अख्ख्या जगात म्हणा, एकाच माणसाला माहीत होतं की या गायकाच्या मागे बसायचं असतं, आणि ते माणूस सत्काराचं भाषण करत होतं.

*

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वडील रागावले नव्हते, तेच जास्त वाईट. मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, चहावाल्याशी हिंदी-मराठी-अरबीची भेळ करून गप्पा मारायचे, जेवायचे, झोपायचे. शाल त्यांनी सोफ्यावर अंथरली होती. मी ऑफिसात आकडे चुकवायला लागले. परतीचं तिकीट जवळ येत होतं.

एका शुक्रवारी सकाळी वडील हॉलमध्ये चटईवर बसून मटार सोलत होते, तोंड खिडकीकडे. मी स्वयंपाकघरातून आले आणि त्यांच्या मागे, जरा डाव्या अंगाला, जमिनीवर बसले. त्यांची पाठ समोर होती. बनियनमधून हाडं दिसत होती. पाठ तीच, पण तिच्यावरचं सगळं मांस कुणी काढून नेलेलं.

कोरसानं आधी सुरू करायचं नसतं. मला माहीत होतं. पण ते ओळ टाकणार नव्हते, आणि दुसरा उपाय मला सुचत नव्हता.

"गाठी बांधून झाल्या बाई," मी म्हटलं, "सांगा कापूस गेला कुठं..."

आवाज फाटला. पंधरा-वीस वर्षांत मी आंघोळ करतानाही गायले नव्हते. मटार सोलणारे हात थांबले. मी पुन्हा म्हटलं, "गाठी बांधून झाल्या बाई, सांगा कापूस गेला कुठं..." आणि पुढची ओळ येईना. डोक्यात नव्हतीच. मी तिसऱ्यांदा मुखडाच म्हटला. बावळटासारखी.

वडील मागे वळले नाहीत. "खालून घेतलास," म्हणाले. "वर घे. अन् मी टाकल्याबिगर उचलायचं न्हाई, येवढं बी इसरलीस?"

"टाका मग."

मटाराच्या ताटलीत दोन-तीन दाणे पडल्याचा आवाज झाला. मग त्यांनी ओळ टाकली.

आवाज आवाजासारखा नव्हता. पण सूर जिथं हवा तिथं होता. "अंगावर न्हाई आमच्या धागा, सांगा कापूस गेला कुठं." मी उचलली. दुसरं कडवं त्यांनी सुरू केलं आणि निम्म्यात डावा खांदा वर आला. मी ओळ काढून घेतली. त्यांनी श्वास भरला आणि पुढची टाकली. असं चार कडव्यांचं गाणं झालं. एकट्यानं त्यांना एक ओळ पुरी झाली नसती.

मुलगी दारात उभी होती. "आजोबा, हे तुम्ही कंपोज केलं?"

"तुझ्या आईला इचार. इसरली ती."

मुलीनं आतून कीबोर्ड आणला आणि त्यात हार्मोनियमचा आवाज लावून दिला. वडिलांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डाव्या हाताला काय करावं ते कळेना. भाता नव्हता. तो आपला हवेत मागे-पुढे मारत राहिला, आणि तो थांबवला की उजवा हातही चुकायचा. "ह्याला वारा कोण घालतंय?" त्यांनी विचारलं. मुलीनं वायर दाखवली. त्यांना पटलं नाही. शेवटी तिनं एक जाड पुठ्ठा त्यांच्या डाव्या हाताशी उभा धरला, ते तो ढकलत राहिले आणि गाडी चालू झाली.

पुढचे सगळे शुक्रवार-शनिवार आमचं हेच. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकायची म्हणजे आवाज घुमत नाही, हे मुलीनं इंटरनेटवर वाचलेलं. एसी घरघर करायचा म्हणून बंद. मे महिना लागला होता, खोलीची भट्टी. वडील बनियनवर, आम्ही घामानं निथळत त्यांच्या पाठीमागे. फोन समोर एका स्टुलावर, उशीला टेकवून. त्याच्या मागे कुणी बसायचं नाही. नवरा रिकाम्या बादलीवर ठेका धरायचा, तो वाईट धरायचा. मुलगी कोरसात माझ्या शेजारी. तिचे उच्चार असे की वडील मध्येच थांबून म्हणायचे, "म्हाताऱ्याच्या बायका आणल्या का काय कोरसाला?" ती खिदळायची आणि पुन्हा घ्यावं लागायचं. एका गाण्यात ते खिदळणं तसंच राहून गेलंय.

सगळं मात्र परत आलं नाही. एखादं गाणं दोन कडव्यांवर थांबायचं. वडील माझ्याकडे मान वळवून वाट बघायचे, म्हणजे पुढचं तू सांग. कोरसाच्या डोक्यात ठेवलेलं असायचं ना. मी मान हलवायचे. "न्हाई?" "नाही बाबा." "बरं. दुसरं घेऊ." इतकंच. ते कधी बोलले नाहीत, पण प्रत्येक वेळी मला कळायचं की मी कुठलं प्रमेय, कुठला फॉर्म्युला डोक्यात घालायला ती जागा रिकामी केली होती. तो फॉर्म्युला मला अजून येतो. त्याचाच पगार घेते.

राखणीला बसून जुळवलेली गाणी मी पहिल्यांदाच ऐकली. त्यातलं एक माझ्यावर होतं. पोरगी परीक्षेला बसली आहे आणि बाप जिनच्या फाटकाशी कंदील धरून बसलाय, असं. मी ते उचललं, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नीट नाही.

जायच्या दिवशी विमानतळाकडे निघालो तेव्हा वडील म्हणाले, "लाव म्हाताऱ्याला." गिरणीच्या गाण्यात त्याचा दम संपला, तसं मागच्या सीटवरून वडिलांनी आणि मुलीनं मिळून ती ओळ उचलली. शब्द वडिलांना येत नव्हते. नुसता सूर धरला.

"आता ह्याला बी सांभाळून घेतलं," ते म्हणाले.

उतरताना शाल सोफ्यावरच राहिल्याचं मला आठवलं. मी म्हटलं, कुरिअर करते. "राहू दे तिथंच," वडील म्हणाले. "तुला उपेगाला यील म्हातारपणी."

ते गावी पोचले. दम पुढेही कमीच होत गेला, डॉक्टर बोलला तसाच. विसरलेली गाणी विसरलेलीच राहिली, आणि ती माझ्या बाजूनं गेली, हे मी कुठल्याही सत्कारानं पुसू शकत नाही. पण जी आठवली ती सगळी माझ्या फोनवर आली, तिथून वस्तीतल्या पोरांच्या फोनवर गेली, आणि पुढच्या जयंतीला वडील विहारासमोर पेटीला बसले. पोरांनी वर्गणी काढून तिचा भाता नवा घातला होता. मागे कोरसाला तीच पोरं होती, माझ्या रेकॉर्डिंगवरून गाणी पाठ केलेली. मी मस्कतहून पोचले आणि त्यांच्यात डाव्या अंगाला जाऊन बसले. वडिलांनी पूर्ण कार्यक्रम केला.